साहेबाची सचोटी कशी ओळखावी?

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



वर्धापनदिनाला विद्वान वक्ता बोलवायचा अशी आपल्या विहाराची पद्धत आहे. या खेपेला समितीने आम्हाला उभं केलं. आमचं शिक्षण दहावी नापास. पुढचं जे काही झालं ते रिंग फ्रेमच्या दोन रांगांमध्ये आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानात झालं. तेव्हा चुकलं तर समजून घ्या.

विषय कोणता घ्यावा यावर आम्ही बराच विचार केला. मग ध्यानात आलं की आपल्या वस्तीत रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर जो विषय निघतो तो एकच, साहेब. आमचा साहेब चांगला, तुमचा साहेब बेकार. वाळूजचा असो, चिकलठाण्याचा असो की शेंद्र्याचा असो. पण चांगला म्हणजे कसा, असं विचारलं की उत्तर काय येतं? बोलतो चांगला. सुट्टी मागितली की देतो. दिसला की आधी तोच जयभीम घालतो. आणि बेकार कोण? तर जो टाइमावर बोट ठेवतो तो. एवढ्या भांडवलावर आपण माणसं पारखतो. बाजारात दोन किलो वांगी घेताना आपण यापेक्षा जास्त उलटसुलट करून बघतो, हे आमच्या भगिनी मान्य करतील.

माणूस ओळखावा कसा हा प्रश्न तथागतांपुढेही निघाला होता. संयुत्तनिकायात ही गोष्ट आहे, उदानातही आहे. तथागत तेव्हा श्रावस्तीला मिगारमातेच्या प्रासादात राहत होते. संध्याकाळी ते दाराबाहेर बसलेले असताना कोसलचा राजा प्रसेनजित भेटीला आला. तेवढ्यात समोरून जटावाले, निगंठ, नागवे, एकवस्त्री, परिव्राजक असे सात-सात जणांचे जथे चालले. नखं वाढलेली, अंगावर केस वाढलेले, हातात सामान. राजा ताडकन उठला, उपरणं सावरलं, गुडघा जमिनीला टेकवला आणि हात जोडून तीन वेळा आपलं नाव त्यांना सांगितलं. ते पुढे गेल्यावर तथागतांना म्हणाला, हे लोक अर्हतांपैकी असले पाहिजेत.

तथागतांनी होकार दिला नाही. त्यांच्या सांगण्याचा आशय आमच्या भाषेत असा, की राजा, नुसतं बघून हे सांगणं तुझ्यासारख्या संसारी माणसाला अवघड आहे. कुणाचं शील बघायचं तर त्याच्याजवळ राहावं लागतं. तो स्वच्छ आहे का हे देण्याघेण्यात समजतं. टिकाऊ किती आहे हे अडचण आल्यावर समजतं, आणि अक्कल किती आहे ते बोलाचालीत. पुढे दोन अटी घातल्या. यातलं काहीच दोन दिवसांत समजत नाही, काळ जावा लागतो. आणि ज्याचं लक्ष आहे त्यालाच समजतं.

यावर राजानं काय कबूल केलं माहीत आहे का? की हे साधू-बिधू कुणी नाहीत, हे माझेच हेर आहेत, मुलूख फिरून बातम्या आणतात, आता घरी जाऊन आंघोळ करतील आणि मजेत राहतील. म्हणजे राजानं ज्यांच्यापुढे गुडघा टेकला ते त्याच्याच पगारावरचे लोक! कारखान्यातही अशी सोंगं असतात. असो.

अंगुत्तरनिकायात या कसोटीचा खुलासा आहे. त्यातला देण्याघेण्याचा भाग आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एकट्या माणसाशी जो एक वागतो, दोघं असले की दुसरं, तिघं असले की तिसरं आणि पुष्कळ लोक असले की आणखी वेगळं, त्याचा व्यवहार स्वच्छ नाही असं तिथं सांगितलं आहे. हे तुम्ही लक्षात ठेवा. पुढे जे सांगणार आहोत त्यात ते लागणार आहे.

आता थोडा इतिहास सांगणं भाग आहे. आपल्या लोकांचा कारखान्यातला पहिला साहेब म्हणजे जॉबर. मुंबईच्या गिरण्यांत माणूस कामावर घ्यायचा जॉबरने, काढायचा जॉबरने, रजा द्यायची त्याने, चांगलं मशीन कुणाला आणि खराब कुणाला हेही ठरवायचं त्यानेच. त्यासाठी तो दस्तुरी घ्यायचा. वर व्याजाने पैसेही द्यायचा. १९२९ साली इंग्रज सरकारने व्हिटली साहेबाच्या अध्यक्षतेखाली कामगारांसाठी रॉयल कमिशन नेमलं, त्याचा अहवाल १९३१ ला आला. त्यात जॉबरच्या लाचखोरीचं वर्णन आहे. कमिशनने शिफारस केली की भरती जॉबरच्या हातून काढा आणि लेबर ऑफिसर नेमा. त्या ऑफिसरच्या अंगी काय काय पाहिजे हेही सांगितलं. तर त्या गुणांत पहिला गुण धरला सचोटी. कामगारांची भाषा येणं, माणूस समजणं हे गुण तिच्यामागून. पुढे १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात ५०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमण्याची तरतूद आली. आज ठेकेदाराच्या गेटवर जो मुकादम उभा असतो आणि पहिल्या पगारातून 'लावून दिल्याचे' पैसे घेतो, त्याला पाहिलं की आम्हाला तो जुना जॉबरच आठवतो. टोपी बदलली, हात तोच.

पण सचोटी म्हणजे नुसतं पैसे न खाणं, असं कुणी समजू नये. मुंबईच्या गिरण्यांत पगार जास्त मिळायचा तो विणकाम खात्यात. तिथं आपल्या लोकांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातलं सूत तोंडाने ओढून घ्यावं लागायचं आणि आपल्या तोंडाचा धोटा दुसऱ्याला चालत नव्हता. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना रोखठोक सांगितलं, की ही बंदी उठवण्याची मागणीही तुमच्या मागण्यांत घाला. तेव्हा ती नाखुशीने घातली गेली. आता विचार करा. त्या विणकाम खात्यांत एक पैसाही न खाणारे, वेळेवर येणारे, हिशोब चोख ठेवणारे मास्तर नसतील का? जरूर असतील. पण आपल्या खात्याचं दार अस्पृश्य कामगारांना बंद आहे हे रोज बघून जो गप्प बसला, त्याच्या चोख हिशोबाला आपण किती मार्क द्यायचे?

बाबासाहेब स्वतः १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, हे आपल्याला पाठ आहे. १९४३ च्या डिसेंबरात ते धनबादच्या कोळसा भागात गेले आणि खाणीत उतरले. मजुरांच्या वस्त्याही त्यांनी पाहिल्या. दिल्लीत बसून त्यांना फायली कमी नव्हत्या. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले, त्यामागेही त्यांचंच मजूरखातं होतं. म्हणून कुणी मोठा साहेब आला, की आम्ही पहिल्यांदा एवढंच बघतो, की हा तिसऱ्या पाळीला खात्यात येतो का. पाहुणे आल्यावर नव्हे हां. रात्री अडीचला, ब्लो रूममध्ये, जेव्हा कापसाचा धुरळा दिव्याखाली दिसतो तेव्हा.

आपल्या शहराचं म्हणाल तर, निजामाच्या राज्यात १८८९ साली इथं सूतकताई-विणकामाची गिरणी उभी राहिली आणि तिच्यात सातशे माणसं कामाला होती असं जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदलेलं आहे. पुढे एम.आय.डी.सी. आली. रेल्वे स्टेशन, चिकलठाणा, मग वाळूज. १९८५ ला वाळूजला बजाज सुरू झाली आणि मराठवाड्याच्या खेड्याखेड्यांतून माणसं आली. त्यात आपले वाडवडील होते, मागून आपण. गावात पाटील कसा आहे हे चार पिढ्यांनी माहीत असायचं. कारखान्यात साहेब तीन वर्षांनी बदलतो. पारखायला वेळच मिळत नाही, हीही एक अडचण आहे.

आता आम्ही आमची स्वतःची गोष्ट सांगतो. ही सांगायला आम्हाला वीस वर्षं लागली. गिरणीचं नाव घेणार नाही, माणसांचंही नाही.

२००३ चा पावसाळा. आम्ही तेव्हा एका सूतगिरणीत रिंग खात्यात सायडर होतो आणि युनियनचं काम बघत होतो. गिरणीत दोन साहेब. एक प्रॉडक्शन मॅनेजर आणि एक स्पिनिंग मास्तर.

मॅनेजर म्हणजे तोंडात खडीसाखर. चौदा एप्रिलला भडकल गेटला हार घेऊन हजर. पंडालाला पाच हजार रुपये दिले. आमच्या घरी आला, चटईवर बसला, माठातलं पाणी मागून प्याला. ज्यांच्या आजोबांच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं जायचं, त्यांच्या घरात साहेब येऊन तांब्याला तोंड लावतो, याचं मोल आम्हाला किती वाटलं असेल ते इथं समजावून सांगायला नको. आम्हीच त्याला या विहाराच्या पायरीवर शाल घातली. टाळ्याही आम्हीच वाजवल्या.

मास्तर वरच्या जातीचा. हसणं नाही, बोलणं नाही. दहा मिनिटं उशीर झाला की अर्धा दिवस कापला. मशीनजवळ चहा पिताना दिसलं की कप उचलून बाहेर नेऊन ठेवायचा, वर एक शब्द बोलायचा नाही. आमच्या घरी कधी पाणी प्याला नाही. कुणाच्याच घरी प्याला नाही हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं. आम्ही ठरवून टाकलं, की हा मनुवादी आहे आणि जाणूनबुजून आपल्या लोकांना त्रास देतो. अर्ज लिहिला. वागणूक अपमानास्पद आहे, बदली करावी. ४३ सह्या गोळा केल्या. अर्ज आमच्या हस्ताक्षरात, पहिली सही आमची.

त्याच महिन्यात कार्डिंगला अपघात झाला. ज्यांनी कार्ड मशीन पाहिलं नाही त्यांना सांगतो. आत मोठा सिलिंडर असतो, त्यावर बारीक तारेचे दात. बटण बंद केलं तरी तो वजनामुळे बराच वेळ फिरत राहतो. म्हणून झाकणाला इंटरलॉक असतो, सिलिंडर थांबल्याशिवाय झाकण उघडू नये यासाठी. पण कापूस अडकला की थांबून राहावं लागतं, प्रॉडक्शन पडतं. मग तोंडी हुकूम होतो, की तेवढं बांधून टाका. कागदावर काही नाही. आमच्या गिरणीत दोन मशीनचे इंटरलॉक असे बांधलेले होते. बदलीवर आलेला आपल्याच वस्तीतला बावीस वर्षांचा मुलगा अडकलेला कापूस काढायला गेला आणि उजव्या हाताची तीन बोटं गेली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं आम्हाला एकट्याला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, पोरगा आपला आहे, त्याच्या भावाला कायम करून घेऊ, तुम्ही फक्त एवढं लिहून द्या की त्यानं स्वतःच्या हातानं बांधलेलं होतं. संध्याकाळी युनियनचे आम्ही दोघं गेलो तर म्हणाला, कडक चौकशी होईल, दोषी कुणी असो, सोडणार नाही. आणि मालकाचा माणूस आला तेव्हा त्याच्यापुढे म्हणाला, मुलगा पिऊन आला असावा. हे आम्हाला चहा घेऊन गेलेल्या शिपायाने सांगितलं. जो मुलगा पंचशील घेऊन सुपारीसुद्धा खात नव्हता, तो पिऊन आला असावा! एकाला एक, दोघांना दुसरं, आणि वरच्याला तिसरं. अंगुत्तरनिकाय आम्ही तेव्हा वाचलेला नव्हता. वाचला असता तरी त्या दिवशी आठवला असता असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

आम्ही सही केली नाही. पण नाही असंही म्हटलं नाही. एक दिवस द्या म्हणालो. हे तुमच्यापुढे कबूल करतो.

त्या एका दिवसात जे व्हायचं ते दुसऱ्याच माणसाने केलं. मास्तरने अपघाताच्या रात्रीच पाळीच्या रजिस्टरमध्ये स्वतःच्या हाताने नोंद केली होती. इंटरलॉक आठ दिवसांपासून बांधलेला आहे. आपण दोनदा लेखी कळवलं आहे, अमुक तारखेला आणि तमुक तारखेला. आणि शेवटची ओळ अशी, की आज मशीन बंद ठेवणं आपलं काम होतं, ते आपण केलं नाही. रजिस्टरला पानांचे नंबर छापलेले होते, त्यामुळे पान फाडता येईना. फॅक्टरी इन्स्पेक्टर आला, त्याने तेच पान मागितलं. पुढे ई.एस.आय.ची कायमच्या अपंगत्वाची पेन्शन त्या मुलाला सुरू झाली. तो आज इथं आपल्यात बसलेला आहे.

दुसऱ्याच्या चुका लिहिणारे साहेब आम्ही पुष्कळ पाहिले. स्वतःच्या पोटावर पाय येईल अशी ओळ स्वतःच्या सहीने लिहिणारा तो एकच पाहिला.

आणि पुढचं ऐका. तीन महिन्यांत मास्तरला काढलं. कारण काय दाखवलं? कामगारांशी वागणूक चांगली नाही. पुरावा काय लावला? आमचा अर्ज. ४३ सह्यांचा, आमच्या हस्ताक्षरातला. अपघाताच्या नोंदीबद्दल काढलं असतं तर आम्ही भांडलो असतो, युनियनने गेटसभा घेतली असती. पण कागद आमचाच होता, तोंड कुठून उघडणार? तो गेला त्या दिवशी आम्ही दुसऱ्या पाळीला होतो. खिडकीतून त्याला स्कूटरवर डबा बांधताना पाहिलं. खाली उतरलो नाही.

मग रात्री झोप येईना तेव्हा एकेक गोष्ट आठवायला लागली. सहा वर्षं हा माणूस आमच्यासमोर होता. एकदा पावसात त्याची स्कूटर बंद पडली, वीस मिनिटं उशिरा आला, तेव्हा त्यानं हजेरीवर स्वतःचाही अर्धा दिवस लावला होता. आम्ही त्याला नाटक म्हणून हसलो होतो. रिंग फ्रेमवर आपलं काम हँक मीटरवरून धरतात. मास्तरच्या पाळीला ते रीडिंग कामगाराच्या समोर घेतलं जायचं आणि त्याला दाखवून लिहिलं जायचं. बाकीच्या पाळ्यांचं रीडिंग ऑफिसात बसून लिहिलं जायचं, आणि महिन्याअखेरी कुणाचे किती हँक कमी झाले यावर भांडणं व्हायची. मास्तरच्या पाळीचं भांडण आम्हाला एकही आठवत नाही. वेस्ट कापसाचं वजन होताना तो काट्याजवळ उभा राहायचा. ज्याला गिरणी माहीत आहे त्याला कळेल, की पैसे खायची जागा तीच असते, कारण वेस्टचे गठ्ठे कुणी मोजत नाही. सगळं आमच्या डोळ्यांसमोर होतं. सहवास होता, व्यवहार होता, काळही गेला होता. लक्ष तेवढं नव्हतं. आमचं लक्ष कुठे होतं? तर जयभीम कोण घालतो आणि कोण घालत नाही याच्यावर.

यावरून जात संपली असा अर्थ कुणी काढला तर तो चुकीचा आहे. मुलाखतीत आडनाव विचारून मग चेहरा बदलणारे साहेब आजही आहेत. तीन-तीन वर्षं बदलीवर ठेवून आपल्या पोरांना कायम न करणारे आहेत. त्यांच्याशी लढलंच पाहिजे. पण लढायचं तर कागद बरोबर माणसावर गेला पाहिजे. आम्ही तो चुकीच्या माणसावर लिहिला आणि बरोबर माणसाच्या गळ्यात शाल घातली.

सम्राट अशोकाने कलिंगाच्या आपल्या महामात्रांसाठी, म्हणजे त्या काळच्या साहेबांसाठीच म्हणा ना, धौलीला वेगळा लेख कोरून ठेवला आहे. कुणी माणूस विनाकारण बंदीत पडू नये अशी ताकीद त्यात आहे. आणि अधिकाऱ्याचं काम कशामुळे बिघडतं तेही सांगितलं आहे. मत्सर, चटकन येणारा राग, निष्ठुरपणा, घाई, आळस, थकवा. बघा, थकवासुद्धा धरला आहे! आम्हाला यातली विशेष गोष्ट वाटते ती पुढची. हा हुकूम तिष्य नक्षत्राच्या दिवशी लोकांना वाचून दाखवावा, ऐकणारा एकटा असला तरी वाचावा, असं अशोक सांगतो. साहेबाने कसं वागायचं हे साहेबापुरतं गुपित ठेवलेलं नाही. ज्याच्यावर हुकूमत चालते त्यालाही मोजमाप माहीत असलं पाहिजे.

आपलं मोजमाप तर सिगालोवाद सुत्तात आधीपासून आहे. मालकाने नोकराला ताकद बघून काम द्यावं, जेवण आणि वेतन द्यावं, आजारपणात बघावं, चांगलंचुंगलं वाटून खावं, वेळेवर सुटी द्यावी. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गृहस्थांच्या विनयामध्ये मालक आणि नोकराचा भाग वेगळा दिला आहे. त्यात नोकराचीही कर्तव्यं आहेत बरं का, आणि आपल्याला ती ऐकायला आवडत नाहीत. दिलं तेवढंच घ्यावं, हे त्यातलं एक. गिरणीतून डब्यात बॉबिन घालून आणणारे आपल्यात कुणी नव्हते, असं आम्ही या जागी बसून म्हणणार नाही.

नव्या पिढीला एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. साहेब गोड आहे की कडू, ते सोडा. पगाराच्या चिठ्ठीवर पी.एफ. कापलेला दिसतो, तो खात्यात पडतो का ते बघा. २०१४ पासून यू.ए.एन. नंबर आला, मोबाइलवर दिसतं. जादा तास भरले ते त्याच महिन्यात लागले का बघा. चूक झाली तर चूक कुणाच्या नावावर टाकतो आणि काम चांगलं झालं तर वर कुणाचं नाव सांगतो ते बघा. काही विचारलं आणि त्याला माहीत नसलं, तर माहीत नाही म्हणतो की थापा मारतो ते बघा. आणि लिहून द्या म्हटलं की लिहून देतो का, की 'तुम्ही करा हो, मी आहे ना' म्हणतो? हे 'मी आहे ना' म्हणणारे अपघाताच्या दिवशी रजेवर असतात.

आता अवघड प्रश्नाकडे येतो. आपल्या वस्तीत आज गल्लीगल्लीत एक सुपरवायझर आहे, कुणाची मुलगी एच.आर.मध्ये आहे, कुणाचा जावई ठेकेदाराकडे मॅनेजर आहे. आनंदाची गोष्ट आहे. बाबासाहेबांनी १९५० साली नागसेनवनात मिलिंद महाविद्यालय काढलं ते आपली मुलं जॉबरपुढे हात जोडून उभी राहावीत म्हणून नाही. पण ओट्यावर बसून आपण ज्या साहेबाला शिव्या देतो, तो साहेब आता आपल्याच घरात जेवायला बसतो. त्याला कोणता काटा लावायचा? 'आपला माणूस आहे, सांभाळून घ्या' हा?

मागच्या महिन्यात एक ताई आमच्याकडे आल्या. मुलगा ठेकेदाराकडे सुपरवायझर आहे. त्याला दोन हजेरीपट ठेवायला सांगितले आहेत, एक खरा आणि एक दाखवायचा. दाखवायच्या पटावर निम्म्याच मजुरांची नावं, म्हणजे बाकीच्यांचा पी.एफ. नाही, ई.एस.आय. नाही. त्या पटावर ज्यांची नावं नाहीत त्यांतले चौघं आपल्याच वस्तीतले. ताई म्हणाल्या, "दादा, पोरगं रात्रीचं जेवत नाही. नोकरी सोड म्हणू का?"

आम्ही लगेच उत्तर दिलं नाही. सोड म्हणणं सोपं आहे. घराचा हप्ता आम्ही भरणार नव्हतो. मुलाला बोलावून घेतलं. त्याला मास्तरची गोष्ट सांगितली, जशी तुम्हाला सांगितली तशी, अर्जासकट. मग म्हटलं, जे तू पाहिलं नाहीस त्यावर सही करू नकोस. जे सांगतील ते लेखी माग, तारीख घाल, एक प्रत घरी ठेव. त्यानं विचारलं, "काका, त्या मास्तरला तर काढलंच ना?" आम्ही म्हटलं, हो, काढलं. तो थोडा वेळ बसून राहिला आणि उठून गेला. आज तो कामावर आहे. दुसरा पट तो लिहीत नाही, दुसऱ्याच कुणाकडून लिहून घेतात. त्या चौघांची नावं अजून खऱ्या पटावरच आहेत, दाखवायच्या पटावर आलेली नाहीत. त्याबद्दल आम्ही आणि ते चौघं मिळून लेबर ऑफिसला अर्ज करणार आहोत. या खेपेला सह्या घेण्याआधी मजकूर दोनदा वाचून दाखवला आहे, आणि तो मुलगाही ऐकायला बसला होता.

मास्तरचं सांगायचं राहिलं. पाच-सहा वर्षांपूर्वी जुन्या फिटरकडून आम्हाला त्याचा नंबर मिळाला. फोन लावला. ओळख सांगितली, आणि तो अर्ज आम्ही लिहिला होता असंही सांगितलं. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग म्हणाला, हस्ताक्षर ओळखलं होतं मी तेव्हाच, रोजचे रिपोर्ट तुम्हीच लिहीत होता. आम्हाला पुढे काय बोलावं सुचेना. त्यानंच विचारलं, त्या मुलाचा हात कसा आहे? आम्ही सांगितलं, डाव्या हाताने लिहायला शिकला, विहाराचा जमाखर्च तोच लिहितो. बरं झालं म्हणाला, आणि फोन ठेवला. बोलणं त्याचं तेवढंच, पहिल्यासारखंच.

महिला मंडळाची वंदना व्हायची आहे आणि पहिल्या पाळीच्या लोकांना पहाटे उठायचं आहे. आम्ही इथं थांबतो.

नमो बुद्धाय. जयभीम.